पोटाची वाटणी

"कडू, दालचिनी कुठं ठिवली? जल्दी दे, कामावर जायला उशीर व्हऊन राह्यला."

त्रिंबक स्वयंपाकघरात फतकल मारून बसला होता आणि खलबत्त्यात मेथीदाणे कुटत होता. कडूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, फळीवरचा डबा काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. डब्यात दालचिनीचे दोनच तुकडे उरले होते. दिवाळीपर्यंत ह्या घरात दालचिनी वर्षातून एकदोनदा, तीही मटणात पडायची. आता रोज लागत होती.

"आवो, ह्ये घर हाय का औषधाचा कारखाना?" कडूबाई म्हणाली.

"कारखानाच समज. पंधरा दिवसांनी मालक ष्टेजवर दिसंल."

त्याच्यापुढे वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. कागदावर मेथी-दालचिनीची पूड, जालन्याहून आणलेल्या क्रोमियमच्या गोळ्या, विटकरी रंगाच्या कॅप्सूल, प्रोटीनचा डबा आणि ग्लुकोजचा पुडा असा सगळा संसार मांडलेला होता. कॅप्सूलचं खरं नाव लायपोइक अॅसिड. त्रिंबकच्या तोंडात ते बसत नसे, म्हणून तो तिला सरळ 'लिपिकाची गोळी' म्हणायचा. वाटणीचा मामला आहे म्हटल्यावर लिपिक आलाच, असं त्याचं म्हणणं.

वाटणीचा मामला असा. जालन्याच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला शरीरसौष्ठवाचं एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं होतं. त्यातल्या एका लेखावर पिळदार माणसाचा फोटो होता आणि खाली कसलीतरी औषधांची यादी होती. त्रिंबकनं तो लेख वडीगोद्रीच्या हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसला, मथळा वाचला आणि म्हणाले, "न्यूट्रिएंट पार्टिशनिंग. पार्टिशन म्हणजे फाळणी."

"कशाची फाळणी, सर?"

"पोषणाची."

त्रिंबकला काही कळलं नाही. सरांनाही फारसं कळलं नव्हतं, पण ते तसं म्हणणाऱ्यातले नव्हते. दोघांनी मिळून लेख चार संध्याकाळी चघळला, तेव्हा कुठे उलगडा झाला. खाल्लेलं अन्न दंडात जायचं की पोटावर, हे शरीर ठरवत असतं, आणि अमुक अमुक वस्तू एकत्र घेतल्या तर ते दंडाच्या बाजूनं ठरवतं. "म्हंजी वाटणी म्हना की!" त्रिंबक ओरडला. भावाभावांत जमिनीची होते ती वाटणी त्याला चांगली ठाऊक होती. त्याच्या थोरल्या भावाला विहिरीकडचा तुकडा गेला होता आणि ह्याला मुरमाड. शरीरातही नेमकं तसंच झालं होतं. पोट थोरलं, त्यानं सगळं बळकावलेलं.

"कपाशीचंच बग ना," पूड चाळता चाळता तो कडूबाईला आता विसाव्यांदा सांगत होता. "नुसता युरिया टाकत राह्यलं तर काय व्हतं? झाड माजतं. पानंच पानं, बोंडाचा पत्ता न्हाई. मंग आपण काय करतो? शेंडा खुडतो. ताकद बोंडात उतरती."

"मंग खुडा की शेंडा."

"माझा?"

"न्हाई तर काय माझा?"

त्रिंबक खदखदून हसला. हसताना त्याच्या पोटावर चार ठसठशीत पट्ट्या उमटल्या, आणि हसू अर्ध्यावर सोडून तो त्या पट्ट्यांकडेच बघत बसला. तीन महिन्यांपूर्वी तिथं नुसता गोळा होता.

त्रिंबकचं वय अडतीस. वडीगोद्रीला हमरस्त्यावर साहेबरावांचं कृषी सेवा केंद्र होतं, तिथं तो अकरा वर्षं नोकर म्हणून उभा होता. कुठल्या अळीला कोणतं औषध, पंपाला किती झाकणं, हे शेतकरी साहेबरावांना नाही, त्रिंबकला विचारत. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो जन्मात एकही कुस्ती खेळलेला नव्हता, पण दंड बघितले की लोकांना दुसरं काही सुचत नसे. पोट बघितलं की मात्र पैलवान हा शब्द म्हणताना ते थोडं हसत.

दुकानाच्या पलीकडे वसंताचं पंक्चरचं दुकान होतं आणि त्याच्यामागे पत्र्याची शेड. तिथं ट्रॅक्टरचा जुना आस, दोन्ही टोकांना लोखंडी चाकं, डालड्याच्या डब्यात सिमेंट ओतून केलेली वजनं, एवढ्यावर त्रिंबकनं पंधरा वर्षं काढली होती. पाऊस असो, लग्नसराई असो, बियाण्याच्या हंगामात दुकानापुढे रांग असो, पहाटे साडेपाचला तो शेडमध्ये असायचाच. आई वारली त्या दिवशी तेवढा गेला नव्हता.

दोनदा तो जालन्याला 'जिल्हा श्री'च्या स्पर्धेत उतरला. पहिल्या वेळी त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही, हे एक बरं झालं. दुसऱ्या वेळी, शहाण्णव साली, माईकवरच्या माणसानं पाहिलं. "आता येताहेत वडीगोद्रीचे पैलवान," तो म्हणाला, "आधी पोट येईल, मागून पैलवान येतील." सगळा मांडव हसला. त्रिंबकही हसला, पोज दिल्या, खाली आला आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला. कडूबाईला हे त्यानं सांगितलं नव्हतं. वसंतानं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्रिंबक घरातही बनियन काढत नसे, उन्हाळ्यातसुद्धा नाही.

आणि आता, २००१ सालच्या जानेवारीत, तो उघडा बसून मेथी कुटत होता. दुकानातल्या खताच्या काट्यावर दिवाळीला त्र्याहत्तर किलो भरलेला माणूस चौसष्टावर आला होता. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. साहेबरावांनी स्वतः काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला आणि म्हणाले, "त्रिंबक, हे मिश्रण पाकिटात भरून विकू आपण. युरियापेक्षा जास्त खपंल." वसंता तर मागेच लागला होता. तोही स्पर्धेत उतरणार होता. त्रिंबकनं हातचं काही राखलं नाही. एका कागदावर सगळी मात्रा लिहून दिली, फवारणीची चिठ्ठी लिहून द्यावी तशी. आठवडाभरात गावातल्या सात-आठ जणांच्या घरी दालचिनी कुटली जाऊ लागली.

एवढा सुखात असलेला नवरा कडूबाईनं लग्नात सुद्धा पाहिला नव्हता.

तिनं मुंगळे पाहिले ते त्याच आठवड्यात.

घरामागच्या भिंतीला लागून पुरुषमाणसाची लघवीची जागा होती. घरात पुरुष एकच, दोन मुली आणि ती. सकाळी राख टाकायला गेली तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी काळी रेघ दिसली. वाकून बघितलं तर मुंगळे. उंबराच्या बुडापासून ओळ निघाली होती आणि त्या ओल्या मातीवर येऊन दाटली होती. शेणाचा गोळा पडला असेल, गूळ सांडला असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. गूळ तिथं कोण सांडणार?

तिचं माहेर केदारखेड्याचं. तिच्या वडलांच्या धोतराला असेच मुंगळे लागायचे. आई हसून म्हणायची, तुमचा बाप गोड माणूस हाय. मग वडलांच्या अंगठ्याला काटा लागला, तो भरेना, अंगठा काढला, मग पाऊल काढलं, आणि एकोणनव्वदच्या पोळ्याला माणूसच गेला. मरताना वडील इतके वाळले होते की चौघांची गरज नव्हती, दोघांनी उचललं असतं. खात तर होते. चार-चार भाकरी खायचे. अंगी लागत नव्हतं.

ती राखेची पाटी हातात घेऊन तिथंच उभी राहिली. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. हे तर मुंगीच्या पायानंच आलं होतं.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसती बघत राहिली. त्रिंबक रात्रीतून तीनदा उठत होता. उशाची कळशी सकाळी रिकामी असायची. "मासिकात लिव्हलंय," तो सांगायचा, "पाणी जास्त प्यालं पायजे." शेडमधून आल्यावर पायरीवर बसकण मारायचा. "वजन हालंना आज," म्हणायचा, आणि लगेच, "स्पर्धेच्या आधी आसंच व्हतं. मासिकात बराबर लिव्हलंय." आणि मग ग्लुकोजचा पुडा फोडायचा. व्यायामानंतर वाटीभर ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं, म्हणजे औषधांना जोर चढतो, हेही मासिकातच होतं. तो घटाघटा प्यायचा आणि रिकामी वाटी कडूबाई राखेनं दोनदा घासायची.

तिला सांगता येत नव्हतं. त्याला काय म्हणायचं? तुमचं पोट तुम्ही उतरवलं नाही, रोगानं उतरवलं? शहाण्णवपासून खाली घातलेली मान त्यानं आत्ता कुठे वर केली होती. ती आपल्या हातानं परत खाली करायची? आणि नाही सांगितलं तर? तिच्या डोळ्यांपुढे वडलांचं पाऊल येई. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, स्पर्धा होऊ दे, मग सांगू, असं ती रात्री ठरवायची. सकाळी तो ग्लुकोजची वाटी तोंडाला लावायचा आणि तिचं ठरलेलं मोडायचं.

तिसऱ्या दिवशी त्यानं दुसरी वाटी मागितली. तेव्हा तिनं चूल तशीच सोडली.

"चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"मागं. भितीपाशी."

तिनं त्याचा हात धरून त्याला घरामागे नेलं आणि बोट दाखवलं. त्रिंबकनं वाकून मुंगळ्यांची ओळ पाहिली. अकरा वर्षं दुकानात काढलेल्या माणसानं जे म्हणावं तेच तो म्हणाला.

"पावडर हाय दुकानात. दुपारी आणतो. एक चिमूट टाकली की बिलकुल साफ."

"मारायचे न्हाईत ते," कडूबाई म्हणाली. "ते कामून आल्यात, ह्ये बगा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मातीकडे. मग उंबराच्या बुडाकडे, जिथून ओळ निघाली होती. सासऱ्याला शेवटी त्यानंच पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या होत्या. त्याला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. कळल्यावर तो मातीतच उकिडवा बसला.

"मंग मिश्रण?" त्यानं विचारलं.

कडूबाईनं त्याच्या पायावर चढलेला मुंगळा झटकला.

"मिश्रणानं न्हाई झालं ह्ये?"

"न्हाई वाटत मला."

त्यानं आपल्या पोटावर हात फिरवला, जणू दुसऱ्याच कुणाचं पोट होतं. "तीन महिने मी काय कुटत व्हतो मंग?" तो म्हणाला. कडूबाई त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिली. आतून भाकरी करपल्याचा वास आला, तरी दोघंही उठले नाहीत.

अंबडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर तीनशे ऐंशी निघाली. कडूबाईनं सोबत आणलेला मिश्रणाचा कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला. "मेथी, दालचिनी... हं. ह्यांनी फार वाईट होत नाही, फार बरंही होत नाही. पण हे ग्लुकोज? रोज वाटीभर?" त्यांनी कपाळाला हात लावला. "पैलवान, तुम्ही अजून चालता-बोलता आहात हेच नशीब."

"माझं पोट कशानं उतरलं, तेवढं सांगा, डाक्टरसाहेब."

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, "खाल्लेलं अंगी लागायला शरीरात एक रस लागतो. तो तुमच्यात कमी पडतोय. मग साखर रक्तात नुसती फिरते आणि लघवीवाटे निघून जाते. तुम्ही चार भाकरी खाता, शरीर उपाशीच. मग ते स्वतःलाच खायला लागतं. आधी चरबी, मग मांस."

त्रिंबकनं आधी दंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. "म्हंजी दंडाला न्हाई न् पोटालाबी न्हाई," तो म्हणाला. "सगळं मुंगळ्यांच्या वाटणीला गेलं."

डॉक्टरांना वाटणीचं काही कळलं नाही. त्यांनी केसपेपरवर लिहिता लिहिता विचारलं, "बाईंचं नाव काय?"

"कडूबाई."

डॉक्टर हसले. "घरात कडू असताना तुम्हाला साखर झाली कशी?"

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यात गेली होती. यमानं चव घेऊन थुंकावं म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं होतं. ह्या नावावरून तिची जन्मभर थट्टा झाली, तिला कधी हसू आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आलं, आणि त्रिंबकलाही आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

गोळ्या लिहून मिळाल्या. सकाळी जेवणाआधी एक, रात्री जेवणाआधी एक. गोळी घेतली की जेवलंच पाहिजे, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. हातपाय कापले, दरदरून घाम सुटला, तर साखर एकदम उतरली असं समजायचं आणि ताबडतोब काहीतरी गोड तोंडात टाकायचं. "स्पर्धेचं म्हणाल तर, आठ दिवसांनी या, साखर बघू. उतरली तर उभे राहा. वजनं उचलायची नाहीत, उपाशी राहायचं नाही आणि एकट्यानं जायचं नाही."

साखर उतरली. एकशे नव्वदवर आली. पण त्रिंबकच मागे फिरला.

पहिलं काम त्यानं केलं ते वसंताकडे जाण्याचं. मिश्रण बंद कर, ग्लुकोज तर बिलकुल बंद, असं सांगितलं आणि कारणही सांगितलं. वसंता चाकातून ट्यूब काढत होता. त्यानं मान वर केली नाही. "वा पैलवान," तो म्हणाला, "स्पर्धा तोंडावर आली तवा बरी आठवली साखर. माझं पोट उतराया लागलं म्हून का?" त्रिंबकनं डॉक्टरचा कागद दाखवला. वसंताला इंग्रजी येत नव्हतं. गावात बोलणं झालं की त्रिंबकनं फॉर्म्युला आता दाबून ठेवला.

"मी न्हाई जात जालन्याला," त्या संध्याकाळी तो कडूबाईला म्हणाला. "ही बॉडी माझी न्हाई. रोगानं केलेली. ती दाखवून मी काय बक्षीस घेऊ? चोरीचा माल हाय ह्यो."

कडूबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पोट नेलं आसंल साखरंनं," ती म्हणाली. "पन् दंड कुणी केले? पंधरा वर्सं पहाटंचं उठून त्या पत्र्याखाली लोखंड कुणी उचललं? साखर येत व्हती का उचलाया?"

त्रिंबकनं आपल्या तळहातांवरचे घट्टे पाहिले.

"मी तर रोज उठून च्या करून देत व्हते. मला तर तुमीच दिसायचे जाताना," ती म्हणाली आणि परत सूप उचललं. तिलाच तो स्टेजवर उभा राहायला हवा होता, पोटाशिवाय, एकदा तरी, त्या माईकवाल्यासमोर.

स्पर्धा जालन्यात एका शाळेच्या मैदानावर, मांडवात होती. अकराची वेळ होती, सुरू व्हायला दोन वाजले. आधीच्या दोन्ही वेळी कडूबाई आली नव्हती. चड्डीवरचे तेल माखलेले पुरुष बायामाणसांनी काय बघायचे, म्हणून. आता डॉक्टरांनी एकट्यानं जायचं नाही असं सांगितलं होतं, तेव्हा इलाज नव्हता. ती नऊवारीचा पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून पहिल्या रांगेच्या कडेला बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, आणि पदराच्या गाठीत खडीसाखर. चारशे माणसांत बाई ती एकटीच.

एक बिल्लेवाला आला. "मावशी, हिकडं बायांचं काम न्हाई."

"माझा मानूस हाय वर," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

पासष्ट किलोखालचा गट आला. नऊ जण होते, त्यात त्रिंबक आणि वसंता. माईकवर दुसराच कुणी होता, तो जुना नव्हता. त्यानं नुसतं नाव आणि गाव सांगितलं. त्रिंबक पुढे आला आणि मांडवात एक हुंकार उठला. कडूबाईनं पदर वर केला आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. दंड, खांदे, त्यांच्यामधून गेलेल्या शिरा, आणि आत ओढलेलं सपाट पोट. लाज वाटायची ती राहूनच गेली.

"काय कट हाय राव!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. परीक्षकांनी नऊपैकी पाच जण पुढे बोलावले, त्यात त्रिंबकचा नंबर होता. त्यानं दोन्ही दंड वर केले. डावा दंड थरथरला. लोकांना वाटलं, जोर लावतोय. अजून शिट्ट्या पडल्या.

कडूबाईला तसं वाटलं नाही. त्याच्या कपाळावरून तेलातून वाट काढत घाम उतरत होता. माघाच्या हवेत एवढा घाम? ओठ पांढरे पडले होते. डोळे कुणाला तरी शोधत असल्यासारखे इकडून तिकडे फिरत होते, आणि ती समोर बसलेली असून तिच्यावर थांबत नव्हते.

ती उठली. पिशवी काखेत मारली आणि स्टेजच्या पायऱ्या चढली. बिल्लेवाला "मावशी, मावशी" करत मागे आला. माईकवाला म्हणाला, "ओ बाई, स्पर्धा चालू आहे." मांडवात हशा पिकला. चारशे माणसांसमोर, तेल माखलेल्या पाच पुरुषांमधून ती नऊवारीतली बाई सरळ चालत गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हात खाली करा."

"दोन मिन्टं," तो पुटपुटला. त्याची जीभ जड झाली होती. "आजून येकच पोज राह्यली, कडू."

"तोंड उघडा."

त्यानं परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं. एक जण पेन घेऊन त्याच्याकडेच बघत होता. समोर मांडव होता, शिट्ट्या होत्या, पहिल्या पाचांत त्याचा नंबर होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. हात हळूहळू खाली आले. त्यानं तोंड उघडलं.

तिनं गाठ सोडून खडीसाखर त्याच्या जिभेवर ठेवली. कुणीतरी ओरडलं, "बायको भरवती रे पैलवानाला!" आणि हशाची एक लाट आली. पलीकडे, पाचांतलाच एक, वसंता पोज देऊन उभा होता. त्यानं त्रिंबकच्या तोंडाकडे पाहिलं, गुडघे लटपटताना पाहिले, आणि पोज सोडून धावला. दोघांनी धरून त्याला पडद्यामागे नेलं. वसंतानं आपला टॉवेल हातांत ताणून पडद्याच्या फटीत धरला, लोकांना दिसू नये म्हणून, आणि तसाच पाठ करून उभा राहिला. "खरं व्हतं व्हय पैलवान," तो एवढंच म्हणाला. माईकवर पुढचा नंबर पुकारला गेला.

दहा मिनिटांनी त्रिंबकच्या चेहऱ्यावर रंग आला. तो लाकडी फळीवर बसला होता, खांद्यावर तिची शाल. कडूबाईनं भाकरी काढली.

"सकाळची गोळी घेतल्ती?"

"घेतल्ती. डाक्टरनं सांगितलं ना, चुकवू नगा म्हून."

"आन् भाकर? मी बांदून दिल्ती ती?"

"वसंताला दिली."

"कामून?"

"पोट दिसलं आसतं," तो म्हणाला.

कडूबाईला राग यायला हवा होता. पण आला नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि त्याच्यापुढे धरला. तो खाऊ लागला, हळूहळू, लहान घास करून. बाहेर टाळ्या पडत होत्या.

"कडू," तो मध्येच थांबून म्हणाला. "खरं सांग. दिसत व्हतं का पोट?"

तिनं पाहिलं. शाल बाजूला सरकली होती. पोटाच्या जागी खळगा पडला होता, वर बरगड्या मोजता येत होत्या, आणि तेलात त्या चकचकत होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "बिलकुल न्हाई दिसत व्हतं."

त्रिंबक हसला. इतक्या वर्षांत तिनं त्याला एवढं समाधानानं हसताना पाहिलं नव्हतं. कडूबाईनं मान वळवली. सुटलेलं, बनियनमधून डोकावणारं त्याचं ते जुनं पोट तिला हवं होतं, सगळ्या जगानं हसावं एवढं मोठं हवं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढचा घास मोडला.